गिरणीच्या आवारात आंब्याच्या वड्या

लालबागच्या त्या चाळीत दुपारच्या वेळी गुणवंती परबच्या दारावरून पुढे जायचं तर आधी चपलांचा ढीग ओलांडावा लागे. आत भिंतीला पाठ टेकून गिरणीवाले जेवायला बसलेले असत आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून गुणवंती आमटीचं पातेलं घेऊन फिरत असे. डझनभर माणसं महिन्याच्या बोलीवर तिच्याकडे जेवत. कोणी संगमेश्वरचा, कोणी कराडचा, बायकापोरं सगळ्यांची गावी. गुणवंतीचा आवाज मोठा होता आणि राग त्याहून मोठा. ताटात भात टाकलेला तिला खपत नसे. "गावाक बायलेन वाढलां तर टाकशात काय?" असं ती विचारी, आणि भल्या मोठ्या मिशांचे बाप्ये मुकाट्यानं शितं वेचत.

तिचा नवरा दत्ताराम जवळच्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होता. त्याच्याच खात्यातला विठोबा शेडगे हा तिचा सगळ्यात जुना खाणारा. साताऱ्याकडचा, कमी बोलणारा, जेवण झालं की स्वतःचं ताट विसळून ठेवणारा. लग्न होऊन गुणवंती मालवणहून मुंबईला आली, तेव्हापासून तो पंगतीला होता. तिला वहिनी म्हणे, ती त्याला भावजी म्हणे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं, दिवाळीच्या सुट्टीसारखी चार दिवसांची गंमत आहे. मग खाणारे एकेक करून गावी निघाले. जाताना प्रत्येकजण "वहिनी, गिरणी चालू झाली की येतोच" म्हणायचा आणि वळकटी उचलायचा. शिमग्यापर्यंत दारातला चपलांचा ढीग संपला. उरला एकटा विठोबा.

गुणवंतीला संप चुकीचा वाटत नव्हता. साच्यावर उभं राहून नवऱ्याच्या पायांच्या शिरा कशा गाठाळल्यात, हे ती रोज पाहत होती. तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. संपाच्या कमिटीच्या बैठका त्यांच्याच गॅलरीत होत. दत्ताराम कमिटीत होता. गिरणीवाल्यांचं काय होणार, गावी गेलेल्यांना कसं कळवायचं, रेशनचं काय करायचं, तासन् तास बोलणं चाले. गिरणगावातल्या शेकडो खाणावळवाल्यांच्या चुली थंड पडल्या होत्या, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. एकदा चहाचे कप ठेवता ठेवता तिनं विचारलं, "आणि आमचा धंदा बसला, तो कोणच्या मागणीत बसतो?" सगळे हसले. दत्तारामही हसला. तिनं कप ठेवले, पण त्या दिवसापासून बैठकीला चहा करणं बंद केलं.

एप्रिलात ती चिंचपोकळीला आयव्ही परेराकडे कामाला लागली. स्टेशनच्या अलीकडे, छोट्या कारखान्यांच्या पत्र्यांमागे कौलारू घरांची एक वाडी होती, तिथं आयव्हीचं घर. हे लोक मूळ मुंबईचेच, घरात मराठीच बोलणारे. नवरा हर्बर्ट माझगावला मासळीच्या बर्फखान्यात होता. आयव्ही घरून केकच्या ऑर्डरी घेई. गुणवंतीला तिनं ठेवलं ते केकचे ट्रे आणि भांडी घासायला.

भांडी घासता घासता गुणवंती बघायची. आयव्ही केक करायची ते तिला फारसं कळायचं नाही, अंडी फेसण्यात तिला रस नव्हता. पण एक पदार्थ तिला लगेच समजला. मैदा, साखर, चिमूटभर मीठ, त्यात थंडगार लोण्याचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी चोळायचं, पिठाचा रवाळ चुरा होईपर्यंत. अर्धा चुरा ट्रेमध्ये दाबून बसवायचा, वर फळांच्या फोडी साखर, लिंबू नि थोडं कॉर्नफ्लोअर लावून पसरायच्या, उरलेला चुरा वरून मोकळा भुरभुरायचा आणि भाजायचं. गार झालं की वड्या कापायच्या. आयव्ही त्याला क्रम्बल म्हणे.

"ह्या तर करंजीच्या पिठाक मोहन चोळतंत तसांच," गुणवंती म्हणाली.

"मग चोळ बघू," आयव्ही म्हणाली आणि परात तिच्याकडे सरकवली.

पहिल्या वेळी लोणी वितळून पिठाचा गोळा झाला. आयव्हीनं तिचे हात धरून पाहिले. "गो बाय, हात कढत आहेत तुझे. घरून भांडून आलीस ना? आधी बर्फाच्या पाण्यात घाल, मग चोळ."

गुणवंती खरंच भांडून आली होती. तिनं हात बर्फाच्या पाण्यात घातले. दुसऱ्या वेळी चुरा मोकळा पडला, आणि पुढच्या महिन्याभरात ते काम तिचंच झालं.

मे महिन्यात मालवणहून तिच्या भावानं आंबे पाठवले. टिचलेले, डागाळलेले, बाजारात न चालणारे. आयव्हीनं ते सगळे सोलायला लावले, फोडी करून पिशव्यांत बांधल्या आणि हर्बर्टनं त्या बर्फखान्यात एका कोपऱ्यात ठेवल्या. "बांगड्याचा वास लागला तर?" असं गुणवंतीनं विचारलं, तेव्हा हर्बर्ट म्हणाला, "तर गिऱ्हाईक समजेल की आंबा खास मालवणचाच आहे." पिशव्यांना तीन-तीन वेष्टणं होती, वास लागला नाही. पावसाळा सरला तरी त्यांच्याकडे आंब्याच्या वड्या होत होत्या. गोठलेल्या फोडी वितळू न देता तशाच घालायच्या, कॉर्नफ्लोअर थोडं जास्त घ्यायचं, नाहीतर खालचा थर पाणी पिऊन लिबलिबीत होतो, हे तिला दोन ट्रे बिघडवून कळलं. आणि भाजल्यावर पुरतं गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. शिवाजी पार्ककडच्या जुन्या इमारतींतून, पेन्शनर लोकांच्या घरांतून मागणी यायला लागली. आता घर त्यावर चालत होतं. दत्ताराम त्याबद्दल बोलत नसे. जेवायला बसला की तो ताटाकडे बघून जेवे.

दिवाळीच्या सुमाराला विठोबा गिरणीत जायला लागला. गावी त्याची धाकटी मुलगी अंथरुणाला खिळली होती. त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण अशा गोष्टी लपत नाहीत. पहिल्याच दिवशी संध्याकाळी तो नेहमीसारखा आला, हातपाय धुऊन भिंतीशी बसला. गुणवंतीनं ताट मांडलं. तेवढ्यात दत्ताराम आत आला.

"ह्याला वाढू नकोस," तो म्हणाला.

गुणवंतीच्या हातात डाव होता. "का?"

"फुटीर आहे तो. आज फाटकातून आत गेला. पोलिसांच्या गाडीतून. माझ्या घरात फुटीर जेवणार नाही."

विठोबानं ताटाशी नेलेला हात मागे घेतला. तो गुणवंतीकडे बघत होता. गॅलरीत दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली होती. गुणवंतीनं नवऱ्याकडे पाहिलं, दारातल्या माणसांकडे पाहिलं. एरवी सगळ्या चाळीला दबवणारा तिचा आवाज त्या वेळी कुठं गेला, हे तिला पुढे कितीही विचार केला तरी समजलं नाही.

"भावजी, उठा," ती म्हणाली.

विठोबानं भाकरी मोडली नव्हती. ती त्यानं उचलून परत टोपलीत ठेवली, ताट भिंतीला लावलं आणि माणसांच्या मधून वाट काढत जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या खोलीच्या कडीला बांगड्या बांधल्या. आठवड्याभरात त्यानं खोली सोडली.

गुणवंतीचा राग त्यानंतर घुमा झाला. आयव्हीकडे ती बोलेनाशी झाली, चुरा मात्र झपाझप चोळायची. घरी दत्ताराम रोज सकाळी निघे. कधी सभा आहे म्हणे, कधी मोर्चा, कधी काळाचौकीला कोणाच्या घरी मदत पोचवायची आहे. संध्याकाळी येऊन कोण किती निष्ठेनं टिकलंय आणि कोण डळमळतंय, ते सांगे. विठोबाचं नाव निघालं तर थुंकायला गॅलरीत जाई.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये एका खानपानाच्या कंत्राटदाराकडून आयव्हीला मोठी ऑर्डर आली. लोअर परळला एका कंपनीत कार्यक्रम आहे, वाटायला सुक्या, हातात धरता येतील अशा वड्या हव्यात, आंब्याच्याच हव्यात. आयव्ही खूश झाली. बर्फखान्यातल्या उरलेल्या सगळ्या पिशव्या हर्बर्टनं आणल्या. घरातला गोल ओव्हन एवढ्याला पुरणार नव्हता, म्हणून ट्रे गल्लीच्या टोकाच्या इराणी बेकरीच्या भट्टीत नेले. बेकरीवाल्यानं आधी स्वतःचे पाव काढले, त्यात उशीर झाला. टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा ट्रे अजून गरम होते.

"आता कापल्या तर भुगा होईल," गुणवंती म्हणाली. "मी जाते बरोबर. तिथं गार झाल्या की कापून देते."

आणि सुरी पदराशी घेऊन ती टेम्पोत बसली.

टेम्पो नेहमीच्या रस्त्यानं गेला नाही. मागच्या गल्लीतून वळला, एका लोखंडी फाटकासमोर थांबला. बाहेर पोलिसांची गाडी होती. फाटक उघडून टेम्पो आत गेल्यावर ताडपत्रीच्या फटीतून तिनं पाहिलं. ते आवार तिला पाठ होतं. लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं ती त्या फाटकाशी दत्तारामचा डबा घेऊन उभी राहत होती. ती नवऱ्याचीच गिरणी होती.

टेम्पोजवळ जगन जॉबर आला. साच्यांवर माणसं लावणारा हा माणूस चाळीत सगळ्यांना माहीत होता. संपात मालकाच्या बाजूनं फिरून तो एकेकाला आत आणत असे. गुणवंतीला बघून तो चमकला, मग हसला.

"वहिनी, तुम्ही स्वतः आलात? बरं झालं. कँटीनवाले पण संपावर, आत असलेल्यांना धड खायला मिळत नाही. उतरा."

"जगन, ही गिरणी आहे असं आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"असं काय करता? परबांनीच तर तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, मी येतो, पण तेवढी बायकोला ऑर्डर मिळू दे. म्हणून कंत्राटदाराला तुमच्याकडे पाठवला."

गुणवंतीनं टेम्पोची कड धरली. "परब म्हणजे कोण?"

जगनच्या आता लक्षात आलं. त्यानं मान फिरवली आणि गडबडीनं म्हणाला, "कापून घ्या, वहिनी. माणसं खोळंबलीत."

परत फिरावं, ट्रे उलटे करावेत, आरडाओरडा करावा, असं सगळं एकदम तिच्या मनात आलं. तिनं त्यातलं काही केलं नाही. तिला बघायचं होतं. तिनं मेजावर ट्रे मांडले, वरून हात फिरवून गार झालेत का पाहिलं आणि सुरी लावली. एक वडी मोडली नाही. रांग पुढे सरकू लागली. बहुतेकांनी तोंडाला टॉवेल गुंडाळले होते. वडी घेताना कोणी मान वर करत नव्हतं.

रांगेत मधेच विठोबा होता. त्याचं तोंड उघडं होतं.

"वहिनी," तो म्हणाला. आणि मग मेजाजवळ सरकून, "तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?"

"नव्हतं. हे कधीपासून येतायत?"

"तीन आठवडे झाले असतील. माझ्या शेजारच्याच साच्यावर असतो."

"बोलतात तुमच्याशी?"

विठोबानं वडी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही. बाहेर बोलत नव्हता ते ठीक होतं. इथं पण बोलत नाही."

त्याच्या मागे पाच-सहा माणसं सोडून एकजण टॉवेल डोळ्यांपर्यंत ओढून उभा होता. त्याच्या उभं राहण्यावरून, एका पायावर भार टाकायच्या पद्धतीवरून गुणवंतीनं त्याला ओळखलं. त्यानंही तिला ओळखलं असावं. तो रांगेतून बाहेर पडला आणि शेडच्या आत निघून गेला. गुणवंतीनं उरलेल्या सगळ्यांना वड्या वाटल्या, ट्रे गोळा केले आणि टेम्पोत न बसता पायी घरी निघाली.

दत्ताराम दिवेलागणीला आला. तिनं चूल पेटवली नव्हती.

"आज मोर्चो खंय होतो?" तिनं विचारलं.

तो पाटावर बसला. "तुझ्यासाठीच गेलो," तो म्हणाला. "तू लोकांची भांडी घासतेस, मला बघवत नव्हतं."

"भांडी मी वर्षभर घासतेय. विठोबा कोणासाठी गेला होता?"

"त्याची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

"तो पहिला गेला. त्याच्यामुळे बाकीचे फुटले."

गुणवंती उठून उभी राहिली. इतकी वर्षं ती नवऱ्याला अहो-जाहो करत आली होती. त्या संध्याकाळी ते सुटलं.

"तू माझ्या हातून त्याला ताटावरून उठवलास. माझ्या तोंडून. आणि त्याच्याच बाजूला उभा राहून साचा चालवतोस, आणि त्याच्याशी बोलत नाहीस. उठ. आत्ता जाऊन त्याला घेऊन ये. इथं, ह्या जागेवर बसव आणि तुझ्या हातानं वाढ."

"हळू बोल. लोक ऐकतील."

"ऐकूदेत ना."

"गुणवंती, मी कमिटीत आहे. लोक काय म्हणतील?"

हे ऐकल्यावर ती दार उघडून गॅलरीत गेली. संध्याकाळची वेळ, सगळ्या खोल्यांची दारं उघडी, बायका तांदूळ निवडत बसलेल्या, पुरुष कठड्याला टेकलेले. तिला आवाज चढवावाही लागला नाही.

"ऐका. माझा नवरा गिरणीत जातो. तीन आठवडे जातोय. आज मी पण तिथं जाऊन खाऊ वाटून आले. विठोबाच्या कडीला बांगड्या बांधल्या होत्या ना, तशा आता आमच्या कडीला बांधा. दोन जोड आणा, एक त्याचा, एक माझा."

कोणी हललं नाही. कठड्याजवळचा एकजण घसा खाकरून आत गेला. मग दुसरा. दोन दारं लागली, मग तिसरं. गुणवंती वाट बघत होती, कोणीतरी शिवी देईल, कोणीतरी अंगावर येईल. तिला ते हवं होतं. शेजारच्या खोलीतली शांता सुपातले तांदूळ तसेच ठेवून उठली, तिच्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "गप ऱ्हव गो. आमचे पण जातत. पलीकडचे पण जातत. सगळ्यांका म्हायती आसा, कोण बोलणा नाय."

गुणवंतीला वाटलं होतं, नवऱ्याचं खोटं उघडं केलं की राग निवेल. तो निवला नाही, उलट त्याला आता धरायला जागाच राहिली नाही. ज्या लोकांच्या धाकानं तिनं विठोबाला उठवलं होतं, ते लोक तोंडं झाकून पहाटे निरनिराळ्या वाटांनी त्याच फाटकाकडे जात होते. आणि विठोबा एकटा उघड्या तोंडानं गेला होता, म्हणून बांगड्या त्याच्या कडीला.

दुसऱ्या दिवशी तिनं आयव्हीला सगळं सांगितलं. त्या कंत्राटदाराचं काम पुन्हा घ्यायचं नाही, असं आयव्हीनं आपणहून ठरवलं. "आंबे पण संपले," एवढंच ती म्हणाली. जगनच्या ओळखीनं गुणवंतीनं विठोबाला निरोप पाठवला की खाणावळ पुन्हा चालू केलीय, या. उलट निरोप आला, वहिनींनी वाईट वाटून घेऊ नये, पण त्या घरात आता जेवण उतरणार नाही. तो असा नीट, सभ्यपणे नाही म्हणाला याचा तिला जास्त त्रास झाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला तोंडाला तोंड देता आलं असतं.

संप मागे घेतला असं कोणी कधी सांगितलंच नाही. तो विरत गेला. गिरणी रडतखडत काही वर्षं चालली आणि एक दिवस कायमची बंद झाली. जे बाहेर राहिले होते तेही गेले आणि जे आत गेले होते तेही गेले. विठोबा साताऱ्याकडे शेतीवर परतला. दत्ताराम लोअर परळला एका इमारतीवर रखवालदार झाला. घरात तो आणि गुणवंती एकमेकांशी बोलत, पण कामापुरतं. पुन्हा 'अहो' सुरू झालं, त्यात आदर किती आणि नाइलाज किती ते तिलाही सांगता आलं नसतं.

वड्यांचा व्याप वाढला. गुणवंतीनं स्वतःचा ओव्हन घेतला, मग मोठा फ्रीजर घेतला. शांता तिच्याबरोबर चुरा चोळायला बसू लागली. आंबा, करवंद, जांभूळ, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. जुन्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उठल्या, तिथल्या कचेऱ्यांतून ऑर्डरी येऊ लागल्या. त्या तिनं घेतल्या, कारण काम ते काम. फक्त माल पोचवायला स्वतः कधी गेली नाही. आयव्ही म्हातारी झाली होती तरी आठवड्यातून एकदा येऊन चव बघून जाई आणि लिंबू कमी पडलंय म्हणे.

एका मे महिन्यात दत्ताराम कोणाला न सांगता सकाळी निघून गेला. दोन दिवस पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला, चपलांवर लाल माती, चेहरा उन्हानं रापलेला. गुणवंती आंबे सोलत बसली होती.

"खंय गेललात?"

"साताऱ्याकडे. विठोबाकडे."

तिचा हात थांबला. "भेटले?"

"भेटला. शेतावर होता. मुलगी बरी आहे, तिला मुलं झालीत. ये म्हणाला."

"मग? काय बोललात?"

दत्ताराम भिंतीशी टेकून बसला. "काही नाही. बोलायचं ठरवून गेलो होतो. त्यानं ताट मांडलं. मी बसलो."

"आणि जेवलात."

"जेवलो."

गुणवंतीला एकदम संताप आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी हा माणूस एवढा प्रवास करून गेला, आणि माफी मागायची ती मागितली नाही, त्याच्याच घरी बसून पोटभर जेवून आला. आणि त्या माणसानं वाढलं. आता उठ म्हणायची पाळी त्याची होती, आणि त्यानं वाढलं. यातल्या नेमक्या कोणावर चिडावं, ते तिला कळेना.

"काय केलं होतं जेवायला?" तिनं विचारलं.

"पिठलं, भाकरी. खर्डा." त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. "मी ताट विसळून ठेवलं."

पदरानं तोंड पुसून गुणवंतीनं आंब्यांची पाटी त्याच्याकडे सरकवली आणि दुसरी सुरी दिली.

"फोडी बारीक करा," ती म्हणाली. "जाड झाल्या की गोठताना चिकटून बसतात."